जर्मनच्या नावेचा शेंदूर

दाजी, तुमच्यावर रागावूनच लिहायला बसलोय. माणसानं जाताना आपलं असेल तेवढंच न्यावं. तुम्ही माझं एक खोटं बरोबर घेऊन गेलात आणि ते परत मागायची सोय ठेवली नाहीत. सव्वा महिना झाला तुम्हाला जाऊन. विषमज्वराच्या त्या अकरा दिवसांत मी सांगलीहून चार वेळा आलो, उशाशी बसलो, पेज भरवली, पाय चेपले. दर वेळी एस्टीत ठरवायचो, आज बोलायचंच, आणि दर वेळी तसाच उठून जायचो. शेवटच्या वेळी तर तुम्हीच विचारलंत, "काय रं पेंटर, काय बोलायचं हाय का?" मी म्हणालो, "छे, कुठं काय." तुम्ही हसलात आणि कूस बदललीत.

आता बोलतो. तुमच्याच पडवीत, तुमच्याच ट्रंकेवर कागद ठेवून लिहितोय. आक्का आत भाकऱ्या थापते आहे. तिच्या थापण्याचा आवाज आज बरा येतोय, गेला महिनाभर तो नीट येत नव्हता.

लढाई संपली आणि पूल-रस्ते बांधणाऱ्या सफरमैना पलटणीतून सुटून तुम्ही घरी आलात. तुमच्याबरोबरच्यांनी येताना घड्याळं आणली, गरम कोट आणले, एकानं तर ग्रामोफोन आणला. तुम्ही नाव आणलीत. लष्कराचं जुनं सामान डिस्पोजलच्या लिलावात निघालं होतं, त्यातून ती उचललीत. दोन बैलगाड्या एकीमागे एक जोडून, त्यांवर पालथी घातलेली ती लांबलचक वस्तू गावात शिरली तेव्हा मी इथंच होतो. सगळा गाव पाठीमागून चालत आला. नाव हलक्या पांढऱ्या धातूची होती, आणि आपल्याकडं त्या धातूला कोणी अॅल्युमिनियम म्हणत नाही. भांडं असो, डबा असो, ते जर्मनचंच. गावचे कारभारी आबा चावडीच्या पायरीवरून ओरडले, "पाच वरसं जर्मनसंगं लढला आन येताना जर्मनच घिऊन आला की रं!" सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच हसलात.

आक्का मात्र हसली नाही. कमरेवर हात ठेवून नावेकडं बघितलं, मग तुमच्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "पदरी पडलं पवित्र झालं." ती कुणाविषयी बोलली, ते आजपर्यंत मला कळलं नाही. तुम्हालाही कळलं नसावं.

पण तुमचा हिशोब सरळ होता. गावची लाकडी नाव दोन वर्षांपूर्वी कुजून गेली होती. पावसाळ्याचे चार महिने कृष्णा भरून वाहायची आणि गाव अलीकडं अडकून पडायचा. इस्लामपूरचा बाजार पलीकडं, डॉक्टर पलीकडं, कचेरी पलीकडं. नाव कुजली त्याच पावसाळ्यात तुमची आई वारली होती, तुम्ही इटलीत दुसऱ्यांच्या नद्यांवर पूल बांधत होता तेव्हा. डॉक्टर पलीकडच्या काठावर येऊन उभा होता म्हणे. हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही नावेच्या कडा मोजता मोजता. मग लगेच म्हणालात, "ही लांबी पुरंल. खाट आडवी न्हाई, पन उभी बसती."

नावेवरचा लष्करी हिरवा रंग अर्धा पोपडे धरून सुटला होता. रंगवायचं काम घरचंच, म्हणून माझ्याकडं आलं. इथं मला माझ्याविषयी थोडं बोलू द्या, कारण दोष कुठून आला ते त्याशिवाय कळायचं नाही. साताऱ्याला मी पाट्या रंगवायला शिकलो ते तुमच्यामुळं. आमच्या वडिलांनी "भितीला रंग फासून कुनाचं पोट भरलंय?" म्हणून मला रहिमतपूरच्या घरातून बाहेर काढलं, तेव्हा रजेवर आलेले तुम्ही माझं बोचकं उचललंत आणि मला घेऊन साताऱ्याला गेलात. उस्तादांच्या दुकानात मला उभं करून म्हणालात, "ह्यो आमचा मेव्हना. हात बरा हाय, तोंड जरा जास्त हाय." उस्तादांनी हात ठेवून घेतला, तोंडाचं काही करू शकले नाहीत.

उस्तादांचा नियम एकच होता. लाकडाला आधी अळशीचं तेल, लोखंडाला आधी शेंदूर, मग वर हवा तो रंग. शेंदूर म्हणजे तोच, देवाला लावतात तो. अळशीच्या तेलात घोटला की त्याचं लोखंडाला असं अस्तर होतं की वीस वर्षं गंज फिरकत नाही. फाटकं, टाक्या, मोटारी, सगळीकडं मी तेच केलं होतं. नाव लाकडाची नाही, म्हणजे ती लोखंडाच्या घरची, एवढा माझा हिशोब.

तुम्ही म्हणालात, "पेंटर, आमच्यात असल्या होड्यांना शेंदूर लावत न्हवते. पिवळं अस्तर असायचं. आन त्याआदी सगळं खरवडून कसल्या तरी आंबट पान्यानं धुवायचे."

मी म्हणालो, "गोऱ्यांकडं पाणी बी आंबट असतंय. आवं दाजी, तुमी पूल बांधा. रंग माझ्यावर सोडा."

"चार दिस थांब. पलटनीतल्या सुभेदाराला पत्र टाकतो, त्यो सांगंल कंचं अस्तर त्ये."

मी 'बरं' म्हणालो. आणि तुम्ही आक्काला घेऊन म्हसवडला सिद्धनाथाला गेलात, सुखरूप परत आल्याचा नवस फेडायला. तिकडं तुमचे दोन दिवस गेले. मला तेवढाही दम निघाला नाही. हातात ब्रश, समोर एवढी मोठी कोरी पाठ, आणि घाटावर रोज दहा माणसं विचारतायत, "काय पेंटर, कवा?" मी वरवर पोपडे काढले, फडक्यानं पुसलं, आणि सबंध तळाला आतून-बाहेरून दोन हात शेंदूर दिला.

तुम्ही परत आलात तेव्हा नाव उन्हात लालभडक पडली होती. दोन बायकांनी तिला हळदकुंकू लावलं होतं, कोणी नारळ फोडला होता. शेंदूर दिसला की आपला माणूस हात जोडतोच, खाली दगड आहे की जर्मन हे बघायला थांबत नाही. तुम्ही लांबूनच थबकलात. म्हसवडचा अंगारा तुमच्या कपाळावर होता. मला वाटलं आता बरसणार. तुम्ही जवळ आलात, बोट लावून बघितलंत आणि म्हणालात, "मारुती केलास की रं." बस, एवढंच. मीही दात काढले.

त्यावर मी निळा रंग दिला. अंगावर शेंदूर आहे हे मग दिसेनासं झालं. मला पुढच्या अंगाला झोकदार अक्षरांत नाव घालायचं होतं, चार नावं काढून ठेवली होती. तुम्ही ऐकेनात. "नावेला आनि नाव कशाला? लोक ठिवत्यातच की नावं!" या कोटीवर तुम्ही स्वतःच इतके खूष झालात की पुढं वर्षभर जो येईल त्याला ऐकवत होता. ते भांडण आपलं राहूनच गेलं. माझं म्हणणं अजून तेच आहे, हे नोंदवून ठेवतो.

पहिला पावसाळा सुरेख गेला. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात तळाच्या रंगाला पुळ्या आल्या. नखानं फोडल्या की आत पिठासारखी पांढरी भुकटी. तुम्ही मला दाखवलंत. मी म्हणालो, उन्हानं होतंय, आणि वर आणखी एक हात मारला. कळत नव्हतं असं नाही. काहीतरी चुकलंय हे मला त्या पुळीतच दिसलं होतं. पण उस्तादांचा नियम खोटा ठरतोय आणि त्याबरोबर मीही, हे बघायची तयारी नव्हती.

आणि मग भादव्यातला तो बाजाराचा दिवस. इस्लामपूरहून माणसं परतत होती, नाव भरलेली. ऐन मध्यावर तळाला एकदम तीन-चार ठिकाणी भोकं पडली. सुई जाईल एवढीच, पण पाणी कारंज्यासारखं वर आलं. बघता बघता घोट्यापर्यंत चढलं. आपल्याच गावची एक म्हातारी मिठाचं गाठोडं पायाशी ठेवून बसली होती. ती "माजं मीठ, माजं मीठ" म्हणून ओरडत राहिली आणि मीठ तिच्यादेखत नदीत विरघळलं. तुम्ही एका हातानं वल्हं मारत होता, दुसऱ्यानं घमेल्यानं पाणी उपसत होता, आणि तोंडानं सगळ्यांना सांगत होता, "बसून ऱ्हावा, हलू नगा, मी हाय की." कोणी हललं नाही. सगळे काठाला लागले. शेवटचं माणूस उतरेस्तवर तुम्ही घमेलं खाली ठेवलं नाहीत, ते मी काठावरून बघितलं आहे.

घाटावर गाव जमला. मी सांगलीहून नेमका त्या दिवशी आलेलो. आबांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "पेंटर, तू रंगातला, पत्र्यातला जानकार. काय झालं ह्ये?"

सांगलीत दुकान घालून मला तीनच महिने झाले होते. स्वतःच्या नावाची पाटी मी स्वतःच्या हातानं रंगवून टांगली होती. माझ्या तोंडातून आलं, "डिस्पोजलचा माल, आबा. पत्राच कुजका."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण अंगण बिचारं बोलत नाही. तुम्ही तिथं उभे होता, डोक्यापासून पायांपर्यंत भिजलेले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी खाली बघितलं. आणि तुम्ही म्हणालात, "व्हय. पत्रा जुना हुता. घेताना मी नीट बगितलं न्हाई. माजीच चूक." चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं, संन्याशानं आपण होऊन मान पुढं केलेली मी तेव्हाच बघितली.

त्यानंतर गावानं तुम्हाला काय काय म्हटलं! 'जर्मन फुटला' ही तर म्हणच झाली. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची विहीर आटली, की 'जर्मन फुटला'. तुम्ही चावडीवरून जाताना ती कानावर यायची आणि तुम्ही मान खाली घालून चालायचा. पाच वर्षं तोफांपुढं ताठ राहिलेली मान! दाजी, तुम्ही मोठेपणा केलात, पण त्या मोठेपणानं मी फार लहान झालो. एकदा माझी गचांडी धरली असतीत तर बरं झालं असतं.

दिवाळी झाल्यावर नाव वर ओढून दोन ओंडक्यांवर पालथी घातली. तुम्ही मला सांगलीला निरोप पाठवलात, "ये. दोगं मिळून करू." मला वाटलं होतं तुम्ही दुसरा रंगारी बघाल.

ते बारा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. खरवडायला लोखंडाची पट्टी नावेला लावू द्यायला तुम्ही तयार नव्हता, म्हणून आपण करवंटीच्या कडांनी आणि बांबूच्या चिपांनी सगळा शेंदूर खरवडला. नखं लाल, कान लाल, तुमच्या मिशा लाल. आक्का म्हणाली, "दोन दोन मारुती. नारळ कुनाला फोडू?" एका दुपारी तुम्ही मला नावेच्या आत बोलावलंत. बसायच्या फळीखाली हातभर जागा होती, जिथं माझा ब्रश पोचला नव्हता. तिथला पत्रा ताटासारखा लखलखीत होता, एक टोचा नाही. तुम्ही त्यावरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "हितं बग."

मी म्हणालो, "हां, सावलीत राहिला ना."

तुम्ही मान हलवलीत. "आसंल, आसंल." आणि बाहेर जाऊन पुन्हा करवंटी हातात घेतलीत.

मग निघाली धुण्याची गोष्ट. सुभेदारांचं उत्तर आलं होतं, पिवळ्या अस्तराचे दोन डबेही त्यांनी कुणाच्या तरी हाती पाठवले होते, पण त्यातलं 'आंबट पाणी' आपल्याला कुठं मिळेना. तुम्ही आणि मी डोकं धरून बसलो होतो. आक्का पाणी न्यायला घाटावर आलेली, म्हणाली, "जर्मनच धुवायचा न्हवं? मग चिच लावा की. राख लावू नगा, राखंनं जर्मन काळा पडतो. माजी सगळी भांडी मी चिचंनंच धुती." मी म्हणालो, "नावेची आमटी करायची का आक्का?" ती तशीच घरी गेली, घरातली चिंचेची अख्खी कळशी घेऊन आली, कोळ केला, आणि काथ्यानं एक कोपरा घासून दाखवला. तेलकटपणा गेला, पत्र्याची चकाकी मरून तो जरा खरखरीत झाला. तुम्ही वास घेतलात आणि उडालातच. "ह्योच वास! आगदी ह्योच न्हाई, पन ह्येच्या भावकीतला!" तीन दिवस आपण तिघांनी ती नाव चिंचेनं घासली आणि स्वच्छ पाण्यानं धुतली. उस्तादांकडं सहा वर्षं काढून मला जे कळलं नव्हतं, ते माझ्या बहिणीच्या मोरीत होतं.

भोकांना आक्काच्याच जर्मनच्या झाकणाचे तुकडे लावलेत, त्याच धातूच्या तारेचे रिबीट ठोकून. मग पिवळं अस्तर, पातळ, एकच हात. मी सवयीनं लगेच दुसरा हात मारायला निघालो, तर तुम्ही मनगट धरलंत. "सुकू दे. रंग सुकंस्तवर गप बसायचं आसतंय. तुला गप बसायची सवय हाय म्हना."

दाजी, तो टोमणा होता ना? तुम्ही डोळा मिचकावला नाहीत, आवाज चढवला नाहीत, विडी पेटवून नदीकडं बघत बसलात. आणखी एक वाक्य बोलला असतात तर मी पायाच धरले असते. तुम्ही बोलला नाहीत, कारण ते वाक्य माझं होतं. तुम्ही माझी वाट बघत होता, हे मला आज कळतंय. तेव्हा मी फक्त डब्याचं झाकण लावलं.

गेल्या पावसाळ्यात नावेत थेंब आला नाही. तरी माणसं बसली ती नावेकडं बघून नाही. घाटावर कोणी घुटमळलं की तुम्ही म्हणायचा, "मी हाय की," आणि ते बसायचे. तुमच्या शब्दावर नाव चालली. आता तुम्ही नाही, आणि मग जे व्हायचं तेच झालं.

पंधरा दिवसांपूर्वी चावडीवर बैठक बसली. यंदाच्या पावसाळ्यात घाटावर नाव कोणाची, एवढाच विषय. वरच्या अंगाच्या गावचा एक नावाडी आपली लाकडी नाव आणायला तयार होता. आक्का पदर खोचून उभी राहिली. "नाव माजी हाय. गेल्या पावसाळ्यात त्येंच्या जोडीनं मी बी वल्हवली. म्होरं बी मीच वल्हवीन." बायकांच्या बाजूनं कोणीतरी 'व्हय, व्हय' म्हणालं.

आबा वाईट माणूस नाहीत. मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, तुज्या हातावर इस्वास हाय. पत्र्यावर न्हाई. तुजा मालक व्हता तवर गोष्ट येगळी. पन तुजाच भाऊ ह्या घाटावर म्हनला हुता, पत्रा कुजका हाय म्हनून. रंगातला मानूस म्हनला. आमी आडानी काय बोलनार?"

आक्का माझ्याकडं वळली. तिला वाटत होतं, मी म्हणेन की आता दुरुस्त केलीय, आता काळजी नाही. तेवढं म्हणूनही कदाचित भागलं असतं. माझ्या खिशात गावच्या शाळेच्या पाटीचं माप होतं, मारुतीच्या देवळाच्या दारांचंही काम ठरत आलं होतं. पण तिच्या कपाळाकडं माझं लक्ष गेलं. ते मोकळं कपाळ घेऊन ती तुमची नाव मागत होती, आणि माझं एक वाक्य तिच्या आडवं आलं होतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "पत्रा कुजका नव्हता. कधीच नव्हता. जर्मनला शेंदूर लावायचा नसतो, लावला की तो पत्रा खातो. दाजींनी मला नको म्हणून सांगितलं होतं. ते म्हसवडला गेले तेव्हा मी लावला. नाव फुटली ती माझ्या शेंदरानं. घाटावर मी खोटं बोललो, आणि दाजींनी ते आपल्या अंगावर घेतलं." एवढं बोलायला मला पावणेदोन वर्षं लागली आणि बोलायला लागल्यावर चिलीम पेटवण्याएवढाही वेळ गेला नाही.

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "पेंटर, ह्ये पोटात ठिवून तुला जेवान कसं जात हुतं रं?" मागून कोणीतरी विचारलं, "मग आमच्या लोखंडाच्या फाटकाला तरी शेंदूर चालंल न्हवं?" चावडी हसली. मीही हसलो, दाजी, आणि हसता हसता मला रडू फुटलं. तुम्ही गेलात त्या दिवशीही मी इतका रडलो नव्हतो.

आक्का हसली नाही. ती उठून घरी गेली आणि दुसरा सबंध दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सांगलीला निघालो तर दारात आडवी उभी. "शेंदराचं काय न्हाई. मानूस चुकतं. पन त्येंनी गावात मान खाली घालून चालायचं, आन तू हितं यिऊन माज्या हातचं कोंबडं खायचं! त्येचा राग हाय मला. त्यो लौकर जायाचा न्हाई." मी म्हणालो, "राहू दे राग." ती म्हणाली, "ऱ्हानारच हाय. आता पिशवी ठेव. मी चिच भिजत घातलीया."

तर त्या रागासकट आम्ही दोघांनी नाव रंगवली. दुसऱ्या डब्यात पिवळं अस्तर अर्धं उरलं होतं, ते पुरलं. एक हात दिला आणि मी गप बसलो, तुम्ही सांगितलं होतं तसा, सुकेस्तवर. दोनदा माझा हात ब्रशकडं गेला आणि दोनदा आक्कानं नुसतं बघितलं. मध्येच एकदा ती म्हणाली, "त्ये आसते तर आता इडी वडत बसले आसते." मी म्हणालो, हो. मग तिनं अस्तराला बोट लावून बघितलं, अजून ओलं होतं.

आबांनी नाव आक्काला दिली, पण एका अटीवर. "पैल्या खेपंला एकटा पेंटर बसंल. बुडायचीच आसंल तर त्यो आदी बुडंल." गावाला ही अट भारी आवडली.

ती खेप आज सकाळी झाली. पाऊस अजून यायचाय, पण घाटाखालच्या डोहात पाणी बारमाही असतं, पुरुषभर तरी खोल. अलीकडं सगळा गाव, पलीकडं वस्तीवरची माणसं. मी नावेत बसलो आणि आक्कानं ढकलली. तुमच्याइतकी सफाई नाही तिच्या हाताला, नाव जरा नाक इकडं तिकडं करते. पण वल्हं पाण्यात जाताना तिचं तोंड असं घट्ट मिटतं की बघणाऱ्यानं वाटेत बोलू नये. डोहाच्या मध्यावर तिनं वल्हं थांबवलं. मला म्हणाली, "हात लावून बग."

मी वाकलो आणि तळाला हात लावला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, रिबिटांवरून, झाकणाच्या तुकड्यांवरून, सगळीकडं फिरवला. मग हात वर करून दोन्ही काठांना दाखवला. कोरडा होता, दाजी. ऊन लागून तापलेला आणि कोरडा.

परतीच्या खेपेला नावेत पलीकडची अकरा माणसं होती आणि एक शेळी.